पाठीवरचा संशयित

माझ्या पाठीवर एक तीळ आहे ही माहिती मला बायकोकडून मिळाली, आणि ती खरी मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण स्वतःची पाठ स्वतःला पाहता येत नाही. आपल्या पाठीमागे काय चाललेलं असतं याबद्दल मी जन्मभर साशंक राहिलो, पण ते इतक्या जवळ चाललं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

ती माझ्या पाठीला मलम चोळत होती आणि चोळता चोळता मधेच थांबली.

"अहो, हा तीळ पूर्वी एवढा होता का?"

"केवढा?"

"एवढा."

पाठीमागे उभं राहून 'एवढा' म्हणणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार? मी मान वळवली, तर तिने दोन बोटांमधलं अंतर झटकन मिटवून टाकलं.

"काही नाही," ती म्हणाली. आणि लगेच, "काही नसेल."

माणसं एका दमात 'काही नाही' आणि 'काही नसेल' असं दोन्ही म्हणाली की काहीतरी असतं, हे मला अनुभवाने माहीत आहे. त्यात तिने त्या संध्याकाळी चहा स्वतःहून दुसऱ्यांदा विचारला. आमच्या घरात दुसरा चहा मागावा लागतो, मग तो का हवा याचं कारण द्यावं लागतं, आणि ते कारण सहसा फेटाळलं जातं. मी चहा घेतला, पण तो मला गोड लागला नाही.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. कुठलीही अडचण आली की माणसांना विचारण्याआधी पुस्तकाला विचारायचं, ही माझी खोड. पुस्तक निदान आपल्या तोंडाकडे बघत बसत नाही. घरात वैद्यकावरचं एक जाडजूड पुस्तक आहे. जुनं झालं म्हणून ग्रंथालयाने ते रद्दीत काढलं तेव्हा माझा जीव तुटला आणि मी ते घरी आणलं. त्यात तिळाला चार ओळी दिल्या होत्या आणि त्वचेच्या कर्करोगाला आख्खं प्रकरण. लेखकाचा कल कुठे आहे ते उघड होतं. शेवटी एक वाक्य होतं: वाढणाऱ्या तिळावर लक्ष ठेवावं. पण ज्याची पाठ त्याने लक्ष कसं ठेवावं, याबद्दल विद्वान लेखकाने चकार शब्द काढलेला नव्हता.

इथवर प्रकरण घरातलं होतं. पण बायकोने ते जिन्यात कुणालातरी सांगितलं, आणि आमच्या इमारतीत जिन्यात सांगितलेली गोष्ट ही छापून आलेल्या गोष्टीसारखी असते.

सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरचे विमेवाले आले. ते निवृत्त झाले तरी त्यांची नजर निवृत्त झालेली नाही. माणसाकडे बघताना हा अजून किती हप्ते भरेल याचा ते अंदाज घेत असतात, असा माझा जुना संशय आहे. जगातल्या कुठल्याही विषयावर, 'मला माहिती नाही' असं म्हणताना मी त्यांना ऐकलेलं नाही.

"शर्ट वर करा," ते दारातच म्हणाले.

मी भिडस्त माणूस. नको म्हणायला शब्द जुळवतो तोवर समोरच्याचं काम झालेलं असतं. मी दारात उभा राहून शर्ट वर केला. विमेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळ आणलं आणि "हं" म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी अगदी सहज विचारलं, "वहिनी, ह्यांच्या पॉलिसीचे कागद कुठे असतात ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"भाऊजी, काय दिसलं तुम्हाला?" बायको घाबरली.

"मला काय दिसायचंय! कागद जागेवर असावेत एवढंच. माझ्या एका ग्राहकाला असंच होतं. अगदी असंच. तुम्ही काळजी करू नका."

"मग त्यांचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"पैसे वेळेवर मिळाले हो घरच्यांना," विमेवाले समाधानाने म्हणाले.

त्यानंतर चौथ्या मजल्यावरच्या मावशी आल्या. त्यांनी लसूण ठेचून लावायला सांगितला. रात्रभर माझी पाठ भाजत राहिली आणि सकाळी तिथे लालभडक चट्टा उठला. "गुण येतोय," मावशी म्हणाल्या. गुण आला की नाही ते माहीत नाही, पण पुढचे काही दिवस बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. लोकांनासुद्धा कळलंय, असं मला वाटत होतं.

शेवटी तिळावर शास्त्रीय पद्धतीने लक्ष ठेवायचं मी ठरवलं. ही कल्पना माझी स्वतःची होती हे इथे नमूद करतो, कारण पुढे घरात त्यावरून बरंच बोललं गेलं. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे टाकायला आम्ही एक काळी शाई वापरायचो. पाणी सांडो, घाम लागो, ती जात नसे. त्या शाईची एक बाटली आणि बारीक टोकाचं पेन माझ्या कपाटात होतं. दर रविवारी बायकोने तिळाच्या कडेकडेने रेघ काढायची. तीळ रेघेबाहेर गेला तर तो वाढला, आत राहिला तर नाही. यात चूक व्हायला जागाच नव्हती.

पहिल्या रविवारी तिने रेघ काढली. दुसऱ्या रविवारी मी पाठ करून बसलो आणि विचारलं, "आहे का आत?"

"थांबा हो. रेघ कुठली नि तीळ कुठला तेच कळत नाहीये." मग बराच वेळ पेनाची गुदगुली झाली. "थोडा वाढलाय वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे वाढलाय."

तिसऱ्या रविवारी तो आणखी वाढला. चौथ्या रविवारी नुसतं पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. तो आवाज मला फार अंतिम वाटला. मी कपाटातली पुस्तकं लेखकांच्या आद्याक्षरांनुसार लावायला घेतली. माझ्या पश्चात कुणाला शोधाशोध नको.

मग मुलीचा फोन आला. माझी मुलगी मला रागावल्याशिवाय फोन ठेवत नाही. ते तिचं प्रेम आहे. त्या दिवशी मात्र ती हसत बोलली. "बाबा, काही टेन्शन घेऊ नका हं. शहरातल्या क्लिनिकमध्ये नुसतं दाखवून या. डॉक्टर अख्खी त्वचा तपासतात, भिंगाने. अर्ध्या तासाचं काम." मी बायकोकडे पाहिलं. ती कपाट पुसत होती. ते कपाट सकाळीच पुसून झालं होतं. या दोघींना काहीतरी ठाऊक होतं आणि ते मला सांगायचं नाही असं ठरलं होतं, याबद्दल माझी खात्री झाली.

क्लिनिकला फोन लावला तर एक यंत्र बोलू लागलं. त्वचेसाठी अमुक दाबा, सौंदर्यासाठी तमुक दाबा. माझं बोट चुकीच्या आकड्यावर पडलं असावं. पलीकडून एक मधाळ आवाज आला, "सर, तुम्हाला चेहरा उजळायचाय की सुरकुत्या घालवायच्यात?"

"मला कॅन्सर बघायचाय," मी म्हणालो. असं सरळ वाक्य मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन, आणि ते चुकीच्या खात्यात बोललो.

"तो आमच्याकडे नाही सर," ती खिन्नपणे म्हणाली, जणू माल संपला होता.

अखेर तारीख मिळाली. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायको सोबत आली. तिने आपण होऊन सोबत यावं हेही मी मनात टिपून ठेवलं. क्लिनिकच्या दाराशी काचेच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती, आणि मागे रांगेत बरीच मंडळी कान टवकारून उभी होती.

"काय दाखवायचंय आजोबा?" तिने खणखणीत आवाजात विचारलं.

आजोबा! मी पुढे वाकून शक्य तितक्या हळू म्हणालो, "पाठ."

"पाठ दुखते? दुसरा मजला, डावीकडे. पुढचे या."

बायको प्रसाधनगृह शोधायला गेली होती, नाहीतर तिने तिथेच खुलासा केला असता. मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे एका दणकट माणसाने मला पलंगावर पालथं निजवलं, कमरेला पट्टा बांधला आणि कुठलंसं यंत्र सुरू करून माझे पाय खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे ओढायला सुरुवात केली. मला वाटलं, तपासणीची ही पहिली पायरी असेल. त्वचा ताणून बघत असतील.

"बरं वाटतंय का काका?"

"हो," मी म्हणालो. एवढ्या मेहनतीने ओढणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

बायकोने तिथून मला सोडवून आणलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला उद्या कुणी मसणात नेऊन निजवलं तरी तुम्ही 'हो' म्हणाल." मग ती स्वतःच दचकली. तिचं ते दचकणं त्या पट्ट्यापेक्षा जास्त लागलं.

त्वचेच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या मुलीहून लहान. चेहरा हसरा. हसऱ्या डॉक्टरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिने मला एक झगा दिला आणि पडद्यामागे पाठवलं. हा झगा शिवणाऱ्याने पुढच्या बाजूवर सगळं कापड खर्च केलं होतं आणि मागच्या बाजूला दोन नाड्यांवर भागवलं होतं. मी सगळे कपडे काढून तो चढवला. मोजे मात्र ठेवले. उजव्या मोज्याला टाचेशी भोक होतं, आणि माणसाने कुठेतरी थांबायला हवं.

मी पालथा झालो. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि वाकल्या. बराच वेळ त्या वाकूनच होत्या. मग त्या बाहेर गेल्या आणि एका वयस्कर डॉक्टरांना घेऊन आल्या. तेही वाकले. दोघं माझ्या पाठीवर कुजबुजत होते. मला त्यातलं एकच वाक्य नीट ऐकू आलं. "इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही," वयस्कर डॉक्टर म्हणाले.

पुस्तकं लावून ठेवली ते बरं केलं, असं माझ्या मनात आलं. मग पाठीला काहीतरी गार लागलं, खसाखसा घासल्यासारखं झालं, आणि बाईंचा आवाज आला.

"काका, हे काय आहे?"

"ते तुम्हीच सांगायचं ना," मी उशीत म्हणालो.

"शाई आहे ही!"

पडद्यापलीकडून बायको म्हणाली, "मीच काढलंय ते. दर रविवारी. आधीची रेघ पुसली जायची नाही, मग तिच्यावर काढली तर कळणार कसं? म्हणून मी जराशी बाहेरून काढायचे."

वयस्कर डॉक्टर घाईघाईने खोलीबाहेर गेले. दार लागल्यावर बाहेरून खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता. बाई स्टुलावर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. मी झग्यात होतो, नाड्या सुटलेल्या, आणि माझ्या अभ्यासपूर्ण संशोधनाला दोन डॉक्टर हसत होते. अब्रू जाताना माणूस पाठमोरा असला तर बरं असतं, एवढंच समाधान.

शाई निघायला बराच वेळ लागला; तोवर बायकोही पडद्याच्या आत येऊन खुर्चीवर बसली. खाली जो तीळ उरला तो बाईंनी पुन्हा भिंगातून पाहिला.

"साधा आहे. वयाबरोबर येतात असे. केस पांढरे होतात ना, तसंच हे."

"नक्की?"

"नक्की."

हे मला जरा फारच लवकर वाटलं. इतक्या रविवारांची काळजी अशी एका शब्दात उडवून लावायची? मी कपडे घालायला उठलो, तर त्या म्हणाल्या, "थांबा. अख्खी तपासणी आहे ना? आता मोजे काढा."

"मोज्यांचा काय संबंध?"

"त्वचा पायालाही असते काका."

"पाय ठीक आहेत."

"तुम्ही पाहिलेत?"

"स्वतःचे तळवे कोण बघतं?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मी बायकोकडे पाहिलं. तिला भोकाची कल्पना असावी, कारण ती छताकडे बघायला लागली. मी डावा मोजा काढला. मग वेळ काढत उजवा काढला. बाईंनी भोकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी टाच हातात धरली, दिवा ओढला, आणि या वेळी त्या हसल्या नाहीत.

"हा कधीपासून आहे?"

"कोण?"

टाचेपाशी एक काळपट डाग होता म्हणे. वाटाण्याएवढाही नाही. कडा वाकड्यातिकड्या, रंग एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका. बाईंनी आरसा धरून मला दाखवला. मला तो चिखलाचा शिंतोडा वाटला. मी बोट ओलं करून पुसून पाहिला. तो गेला नाही.

"हा काढून तपासायला पाठवू या," त्या म्हणाल्या.

आता मात्र माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाठीचं गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून पायाचं धरलं! मी भिडस्त असलो तरी मूर्ख नाही. निदान त्या क्षणी तसं वाटलं. मी आवाज शक्य तितका करडा केला. झग्यात आवाज करडा करणं सोपं नाही.

"डॉक्टर, मी आलो पाठ घेऊन. पाठीत काही नाही म्हणालात. आता पायात निघालं. उद्या कानात निघेल. मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारीन."

मला वाटलं त्या रागावतील, किंवा जास्तच गोड बोलतील. दोन्हींची माझी तयारी होती.

"जरूर विचारा," त्या म्हणाल्या. "तीन नावं देते, आमच्या क्लिनिकबाहेरची. ज्यांना हवं त्यांना दाखवा. पण याच आठवड्यात दाखवा." मग स्टूल जवळ ओढून माझ्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या. "माझ्यावर संशय घ्या काका, माझी हरकत नाही. पण माझ्यावर जेवढा घेताय ना, त्याच्या निम्मा त्या डागावर घ्या."

"तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

"मला माहिती नाही. नुसतं बघून कळत नाही. म्हणून तर काढायचा."

कित्येक आठवड्यांत मला भेटलेल्या माणसांपैकी ह्या एकट्या बाईंना माहिती नव्हतं. पाठीच्या बाबतीत त्यांनी एका क्षणात 'नक्की' म्हटलं होतं, इथे त्या म्हणत नव्हत्या. बायकोने खुर्चीवरून उठून माझा मोजा उचलला आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"काढा," मी म्हणालो.

दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. टाच बधिर करून तो डाग त्यांनी तिथेच काढला आणि छोट्या बाटलीत घातला. मी बाटलीकडे पाहिलं. आयुष्यभर मी ज्याच्यावर उभा होतो, त्याची आणि माझी ती पहिलीच भेट.

निकाल यायला दिवस लागले. किती, ते मी मोजले नाहीत. मोजणाऱ्यांचं काय होतं ते पाहिलं होतं. त्या दिवसांत मी कुणावरही संशय घेतला नाही. बायको नेहमीसारखं बोलली तर ती नेहमीसारखं बोलतेय असंच मानलं. मावशींनी पायाला लसूण सुचवला तेव्हा मी नको म्हणालो, आणि 'नको' हा शब्द इतक्या सहज तोंडातून निघतो हे पाहून आम्ही दोघंही चकित झालो.

निकाल ऐकायला मुलगीही आली. डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "तो डाग वाईटच होता. पण अजून अगदी वरच्या थरातच होता, खाली उतरला नव्हता. आजूबाजूची थोडी कातडी आणखी काढावी लागेल, मग झालं. दर काही महिन्यांनी मला दाखवायला यायचं. आणखी दोनेक वर्षं तसाच राहिला असता तर..."

"पण ह्यांना तर पाठीचं..." बायको म्हणाली.

"हो. पाठीचं निमित्त झालं म्हणून आले."

मुलगी मला तिथेच, सगळ्यांसमोर रागावली. पायाची काळजी घेता येत नाही, मोजे फाटके घालता, शाई काय, लसूण काय! रागावता रागावता तिला हुंदका फुटला. मग बायकोला फुटला. मी भिडस्त माणूस. दोघींचं संपेपर्यंत भिंतीवरचं त्वचेचं चित्र बारकाईने वाचत बसलो. पण त्या चित्रातलं मला त्या दिवशी काही वाचता आलं नाही.

दुसऱ्यांदा कातडी काढल्यावर मी काही आठवडे लंगडत होतो. अशाच एका दुपारी बायको बाहेर गेलेली असताना दार वाजलं. विमेवाले होते. आत आले आणि बसले नाहीत. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

"वहिनी नाहीत ना?"

"नाहीत."

"बरं झालं." मग त्यांनी पाठ फिरवली आणि सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. एक बटण तुटून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. "तुम्हाला आता अनुभव आहे. खांद्याखाली काहीतरी आहे. आरशात नीट दिसत नाही. घरी कुणाला सांगितलं नाही मी. जरा बघता?"

मी चष्मा लावून जवळ गेलो. खांद्याखाली एक तपकिरी ठिपका होता. गडद वाटला, मग तेवढा नाही वाटला. कडा सरळ आहेत की वाकड्या ते माझ्या अनुभवी नजरेला सांगता येईना. विमेवाल्यांची पाठ थंडीत कुडकुडल्यासारखी हलत होती. इतकी वर्षं जिन्यात त्यांना टाळत आलो, पण हा माणूस इतका किडकिडीत आहे हे मला माहीत नव्हतं.

"काय आहे?" ते म्हणाले. "खरं सांगा हं."

"मला माहिती नाही," मी म्हणालो.

ते वळले. काहीतरी सल्ला देतील असं वाटलं, पण त्यांनी दिला नाही. ते हळूच खुर्चीत बसले.

"मग?"

"मग उद्या सकाळी तयार राहा. मी येतो सोबत. आणि भाऊसाहेब, दाराशी ती मुलगी विचारेल काय दाखवायचंय म्हणून. तुम्ही काही बोलू नका. मी सांगतो तिला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं."